सहाशे चाळीस ओळी

लाल अक्षरं पुन्हा आली. मघाशी नऊ ओळी होत्या, या खेपेला अकरा.

भवानीने चष्मा काढला, नाइटीच्या टोकाने पुसला, परत घातला आणि ओळी पहिल्यापासून वाचल्या. सत्तावीस वर्षं कॉम्प्युटरसमोर काढलेली बाई ती, पण या ओळी काही ताकास तूर लागू देत नव्हत्या. कुठेतरी काहीतरी सापडलं नाही, एवढंच त्या सांगत होत्या. काय सापडलं नाही, ते सांगायच्या जागी डझनभर प्रश्नचिन्हं होती, एकाला एक चिकटून. जणू मशीनच तिला विचारत होतं, बाई, या वयात तुम्ही इकडे कशाला आलात?

शनिवार होता, सकाळचे साडेनऊ. चार वाजेपर्यंत तिला ऑफिसात एक फोटो पाठवायचा होता.

ऑफिस म्हणजे गिंडीतला पंपांचे सुटे भाग बनवणारा कारखाना. त्याच्या स्टॉकचा प्रोग्रॅम भवानीने पंचविसाव्या वर्षी, स्वतःच्या हाताने, फॉक्सप्रो नावाच्या जुन्या भाषेत लिहिला होता. तो आजही चालत होता. कारखान्याचे तीन मॅनेजर बदलले, छप्पर बदललं, स्टॉकचा प्रोग्रॅम तोच राहिला. आता पहिल्या तारखेपासून तो बंद होणार होता. नव्या पद्धतीत सगळं पायथन नावाच्या भाषेत चालणार होतं आणि ती भाषा शिकवायला सोमवारपासून वर्ग होता. वर्गात बसायची अट एकच. आपल्या घरच्या मशीनवर भाषेची सगळी हत्यारं बसवायची, त्यावर एक छोटा प्रोग्रॅम चालवायचा आणि त्याचा पडद्यावरचा फोटो शनिवारी चारच्या आत पाठवायचा. ज्याचा फोटो येणार नाही त्याला डिस्पॅचमध्ये पाठवणार, म्हणजे फाटकाजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये, खोके मोजायला. मॅनेजरने हे फार गोड शब्दांत सांगितलं होतं. पन्नाशीनंतर नवं डोक्यात शिरणं अवघडच असतं मॅडम, तुम्ही मनाला लावून घेऊ नका, असंही वर म्हणाला होता. भवानीने अर्थात मनाला लावून घेतलं होतं.

बुधवारी संध्याकाळी तिने भाषा उतरवून घेतली. बसली एकदाची म्हणून भाषेचं नाव टाइप करून बघितलं, तर मशीन म्हणालं, असं काही मला ठाऊक नाही. दोन तासांनी कळलं की बसवताना एका चौकोनात खूण करायची होती. तो चौकोन पडद्याच्या अगदी तळाशी होता. इतकी महत्त्वाची गोष्ट तळाशी ठेवणाऱ्या माणसाला भवानीने मनातल्या मनात बरंच काही ऐकवलं. मग सगळं काढून पुन्हा बसवलं. गुरुवारपासून रजा टाकली आणि प्रोग्रॅम लिहायची वही बसवली. वहीला आणखी चार गोष्टी हव्या होत्या, त्या चारींना आणखी दोन-दोन. शुक्रवारी सगळ्यांत शेवटचं काम आलं. शिकवणाऱ्याने पाठवलेल्या कागदावर लिहिलं होतं की प्रत्येक कामासाठी मशीनमध्ये एक वेगळी खोली करायची, म्हणजे एका कामाचा पसारा दुसऱ्यात जात नाही. कल्पना चांगली होती. फक्त खोली होत नव्हती. हुकूम दिला की अर्धा मिनिट विचार, मग लाल ओळी आणि ती प्रश्नचिन्हं. शुक्रवारपासून तिने हे चौदा वेळा केलं होतं.

फॉक्सप्रो एका फ्लॉपीच्या डब्यातून आलं होतं आणि तासाभरात कामाला लागलं होतं. ही आठवण या वेळी काढण्यात अर्थ नव्हता, पण दर अर्ध्या तासाने ती निघत होतीच.

त्यात लॅपटॉप हा असा. मुलगी सहाना कॉलेजात असतानाचा जुना लॅपटॉप. पाच वर्षांपूर्वी भवानीनेच तो साफ करून सासऱ्यांना लावून दिला होता. त्यांच्यासाठी कळांवर देवनागरी अक्षरांची चिकटपत्रं डकवली होती. आता चौकोनी कंस हवा असला की तो 'ड'खाली लपलेला असायचा आणि दोन टिंबं 'छ'खाली. जुन्या भाषेला हे फारसे लागत नव्हते. नवीला ते पावलोपावली लागत होते, आणि चुकीची कळ दाबली की भवानी स्वतःवरच चिडत होती.

"जालं काय?"

सासरे दारात उभे होते. राममूर्तीराव, वय चौऱ्याऐंशी, धुवट वेष्टी, म्हणजे पांढरं धोतर, सदऱ्याच्या खिशात छोटी वही. पोस्टात पत्रं वेगळी काढणारा सॉर्टर म्हणून पस्तीस वर्षं नोकरी केलेला माणूस. रोज दहा ते अकरा ही त्यांची लॅपटॉपची वेळ. बायको अलमेलू गेली त्यानंतर त्यांनी एक काम हाती घेतलं होतं. ती स्वयंपाकघरात बोलायची ते शब्द एकाखाली एक लिहून ठेवायचे. तंजावरकडच्या घराघरांत तीनशे वर्षं बोलली गेलेली ही मराठी, पण सहानाच्या पिढीला स्वयंपाकघरातल्या निम्म्या गोष्टींना तमिळ नावंच ठाऊक. तेव्हा एका ओळीत एक शब्द, आठवेल तसा. दिवसाकाठी किती झाले ते वहीत लिहायचे.

"नाही मामंजी. थोडा वेळ लागेल."

"सरि, बरं," म्हणून ते गेले. गुरुवारपासून त्यांची वेळ तिने खाल्ली होती. तक्रार केली नव्हती त्यांनी, आणि त्याचाच तिला जास्त त्रास होत होता.

दहा मिनिटांनी ते परत आले. "जालं काय?"

तिने पुन्हा नाही म्हटलं. मग सहानाला बेंगळुरूला फोन लावला. मुलगी याच धंद्यातली, पण शनिवारी सकाळी ती झोपेतून उठायच्या बेतात होती. "अम्मा, ऑल रिमूव्ह पण्णु, फ्रेश इन्स्टॉल पण्णु," असं निम्मं तमिळ, निम्मं इंग्रजी बोलून तिने जांभई दिली. घरात मराठी बोल म्हणून सांगितलं की सहाना तीन वाक्यं बोलायची आणि चौथ्याला घसरायची. भवानीने विचारलं, काय कारण असेल गं? काहीही असू शकेल, असं सहाना म्हणाली. असल्या उत्तरासाठी मुलीला इंजिनियर केलं होतं.

तर सगळं काढलं. दुसऱ्यांदा. पुन्हा उतरवायला घेतलं, तर वेग असा की पट्टी केसाएवढी सरकायची आणि थांबायची. बाहेर अड्यारच्या सिग्नलला बसचे हॉर्न वाजत होते. तेवढ्यात तिने रसम टाकलं आणि मीठ दोनदा घातलं. जेवायला बसल्यावर राममूर्तीरावांनी एक घोट घेतला, तिच्याकडे बघितलं आणि भातात ताक ओतून घेतलं. नवरा, रविकांत, बदलीवर तिरुचीला होता. तो असता तर बोलला असता.

पानावरून उठता उठता मात्र त्यांनी विचारलं, "जालं काय गे तुझं?"

"मामंजी, किती वेळा विचाराल?" भवानीचा तोल गेला. "सकाळपासून आठ वेळा सांगितलं, नाही झालं म्हणून. झालं की मी सांगणार नाही का? मलाही कळतं तुमची वेळ मोडली. माझं डोकं चालत नाही आता, काय करू?"

म्हाताऱ्याचा चेहरा गोंधळला. "मीं विचारलों होतों?" असं हळूच म्हणून ते हात धुवायला गेले. बाहेरच्या खुर्चीत जाऊन बसले, वही उघडी करून.

भवानीला लाज वाटली, पण लाज वाटायलाही वेळ नव्हता. पावणेतीनला पुन्हा सगळं बसलं. तिने हुकूम दिला. अर्धा मिनिट विचार. अकरा लाल ओळी. तीच प्रश्नचिन्हं.

तेव्हा तिने खरोखर हात टेकले. टेबलावर डोकं ठेवलं. फाटकाजवळची शेड तिच्या डोळ्यांपुढे आली. दुपारी पत्रा तापतो तिथे, आणि खोके मोजणारी मुलं तिला तमिळमध्ये पाटी म्हणतील, म्हणजे म्हातारी. स्टॉकचा प्रोग्रॅम लिहिला तेव्हा मालक स्वतः सगळ्यांना घेऊन तिच्या टेबलाशी आले होते. त्यांतलं आज कारखान्यात कोणी नव्हतं.

शेवटी तिने शिकवणाऱ्यालाच फोन केला. श्रीवत्स त्याचं नाव, अंबत्तूरच्या एका संस्थेतला, तिशीही ओलांडलेली नसेल. फोन करायचा नाही असं तिने तीन दिवस ठरवलं होतं. पहिल्या दिवसाच्या आधीच अडाणी ठरायचं कशाला? पण आता काही गमवायचं राहिलं नव्हतं. त्याने पडद्याचा फोटो मागवला. दोन मिनिटांनी त्याचाच फोन आला. तो हसत नव्हता, त्याबद्दल भवानीने त्याला पुढेही कायम मानलं. त्याने विचारलं, मॅडम, या मशीनमध्ये शिरताना पहिल्या पडद्यावर नाव काय दिसतं?

"राममूर्तीराव," ती म्हणाली. "माझे सासरे."

कुठल्या अक्षरांत, त्याने विचारलं.

"देवनागरीत," भवानी म्हणाली.

पाच वर्षांपूर्वीची ती दुपार तिला आठवली. राममूर्तीराव तेव्हा म्हणाले होते की जन्मभर त्यांचं नाव लोकांनी आपापल्या सोयीने लिहिलं. पोस्टातल्या हजेरीपटावर इंग्रजीत, रेशनकार्डावर तमिळमध्ये, पेन्शनच्या कागदावर तर पुढचा 'राव'च गळाला. या पेटीत तरी तें आपल्या अक्षरांत येईल काय? येईल की, असं म्हणून भवानीने अभिमानाने, एकेक अक्षर शोधून, ते देवनागरीत टाइप केलं होतं. राममूर्तीराव. मशीनने ते घेतलं आणि त्याच नावाची आतली मोठी पेटी केली. नंतरची प्रत्येक गोष्ट त्या पेटीत गेली. आणि आता या नव्या हत्यारांपैकी कुठल्या तरी एका बारक्या हत्याराला ती अक्षरं वाचता येत नव्हती. दारावरचं नाव वाचता येत नाही म्हणून ते आत शिरत नव्हतं. एवढंच. तीन दिवस.

श्रीवत्स म्हणाला, तुमची काहीच चूक नाही मॅडम, चूक त्या हत्याराची. दुसरं खातं उघडा, साध्या इंग्रजी अक्षरांत, आणि त्यात सगळं बसवा. वीस मिनिटांचं काम.

तिने खुर्चीतल्या सासऱ्यांना सगळं समजावून सांगितलं, कारण मघाच्या बोलण्याची भरपाई कुठेतरी करायची होती. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"नांव वाचतां आलं नाही म्हणून परत पाठवतो?" ते म्हणाले. "असला सॉर्टर आम्ही दोन दिवस ठेवलों नसतों. मोडीत पत्ता येऊं दे, कन्नडींत येऊं दे, मीं पत्र पोचवलों आहे. वाचतां आलं नाही तर विचारायचं असतं."

"त्यानं विचारलं की, मामंजी. प्रश्नचिन्हं घातली होती. मलाच कळलं नाही."

म्हातारा हसला. ती पण हसली, बुधवारनंतर पहिल्यांदा.

नवं खातं झालं. bhavani, सगळी बारकी अक्षरं. उतरवलेल्या फायली हाताशीच होत्या; भाषा बसली, वही बसली, आणि मग तिने खोली करायचा हुकूम दिला. अर्धा मिनिट विचार. लाल ओळ एकही नाही. खोली झाली होती. तीन वाजून वीस मिनिटं.

आता फोटोपुरता प्रोग्रॅम. कागदावर तो दिलेलाच होता, आठ ओळींचा. शंभराहून जास्त ओळींची कुठलीही फाइल घ्यायची आणि प्रोग्रॅमने दोन आकडे सांगायचे. फाइलीत एकूण ओळी किती, आणि त्यांत वेगवेगळ्या किती. दोन्ही आकडे फोटोत दिसले पाहिजेत. शंभर ओळींची फाइल घरात एकच होती.

"मामंजी, तुमची यादी घेऊ का? एक नक्कल करून घेते, मूळची तशीच राहील."

राममूर्तीराव ताठ बसले. वही उघडली, बोट ठेवलं. "घे की. सहाशें चाळीस आहेत. तुझ्या त्या मशीनला मोजूं दे, सहाशें चाळीसच येतील."

तिने 'ड'खालून कंस शोधले, 'छ'खालून टिंबं शोधली, आठ ओळी लिहिल्या आणि चालवल्या. पडद्यावर दोन आकडे आले.

640

583

पहिला आकडा बघून तिला आनंद झाला. दुसऱ्याने कपाळाला आठी पडली. आता हे काय नवीन? सत्तावन्न ओळी गेल्या कुठे? चुकलंच काहीतरी. तिने आठही ओळी कागदाशी ताडून पाहिल्या. बरोबर होत्या. पुन्हा चालवलं, पुन्हा तेच. साडेतीन वाजून गेले होते. डोकं पिकलं होतं, तरी सत्तावीस वर्षांची सवय जागी झाली. स्टॉकमध्ये असा फरक आला की ती काय करायची? एकच माल दोनदा चढलाय का, ते बघायची. कागदावर नसलेल्या तीन ओळी तिने स्वतःच्या मनाने लिहिल्या. एकापेक्षा जास्त वेळा आलेल्या ओळी दाखव, आणि किती वेळा आल्या ते पुढे सांग. नव्या भाषेत तिने स्वतः रचलेल्या या पहिल्या ओळी. त्या पहिल्याच झटक्यात चालल्या.

शिंकें – 14

विरजण – 11

उतरंड – 9

आणि त्याखाली आणखी बारा-पंधरा शब्द. घंगाळ, रवी, पाटावरवंटा. कुठला पाच वेळा, कुठला तीन वेळा.

तिने यादीची फाइल उघडली आणि खाली सरकवत नेली. पहिल्या चार वर्षांत एकही शब्द दोनदा नव्हता. सॉर्टरची यादी होती ती. शेवटची दोन पानं मात्र तेच शब्द घेऊन गोल फिरत होती. शिंकें, विरजण, उतरंड, रवी, शिंकें. रोज दहा ते अकरा खुर्चीत बसून त्यांनी शब्द आठवला होता, आठवल्याचा आनंद झाला होता, लिहिला होता आणि वहीत एक वाढवला होता. सकाळपासून आठ वेळा 'जालं काय' विचारणाऱ्या माणसावर ती ओरडली होती. मीं विचारलों होतों, असं त्यांनी विचारलं होतं, आणि ते खरंच विचारत होते.

तीन दिवस तिला वाटत होतं की या घरात डोकं तिचं चालेनासं झालंय.

पावणेचारला तिने फोटो काढला. आपल्या तीन ओळी आधी पुसल्या, त्यांचं उत्तरही पुसलं. फक्त दोन आकडे ठेवले आणि पाठवून दिला. दोन मिनिटांत श्रीवत्सचं उत्तर आलं की मिळाला, सोमवारी नऊला या. शेड टळली होती. या क्षणासाठी तिने तीन दिवस जिवाचा आटापिटा केला होता, आणि आता तिला नुसतं रडायला येत होतं.

ती उठली. कॉफी केली, डबऱ्यात, म्हणजे कॉफीच्या पसरट वाटीत, ओतून फेस आणला आणि बाहेर घेऊन गेली. रविकांतला फोन करायला हवा होता, डॉक्टर शोधायला हवा होता. ते सगळं होईल, पण कॉफीनंतर.

"जालं काय?" राममूर्तीरावांनी विचारलं.

"झालं, मामंजी."

"किती आले?"

"सहाशे चाळीस."

त्यांनी वहीकडे बघून मान हलवली. चूक निघणार नाही याची खात्री असलेल्या माणसासारखी. मग म्हणाले, "तुझं काम जालं तर मीं बसूं काय थोडा वेळ? सकाळपासून एक शब्द तोंडांत आहे."

तिने त्यांचं खातं उघडून दिलं. राममूर्तीराव, आपल्या अक्षरांत. खुर्ची पुढे ओढली, फाइल शेवटच्या ओळीशी नेऊन ठेवली. ते बसले, चष्मा सारखा केला. बोट कळांवर उचललं आणि थांबवलं. पोस्टातली सवय, पक्कं केल्याशिवाय ठसा मारायचा नाही.

"अगे भवानी, अलमेलू दही शिंक्यांत ठेवायची की नाही, मांजरापासून? तें शिंकें मीं लिहिलों आहे काय?"

भवानीने डबरा त्यांच्या उजव्या हाताशी ठेवला.

"नाही, मामंजी. तो शब्द राहिलाच होता. लिहा."

राममूर्तीरावांनी समाधानाने मान डोलावली आणि 'श'ची कळ शोधू लागले. त्या कळेवरचं चिकटपत्र पुसट होऊन गेलं होतं. भवानीने बोट लावून ती दाखवली.